माटोळीच्या चार कड्या

खोली बघायला आलेल्या माणसाला मी पहिल्यांदा पगार कधीच विचारला नाही. माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "चवथ खंय करतात?"

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. खंय म्हणजे कुठे. गणेशचतुर्थीला आम्ही चवथ म्हणतो, आणि ती नोकरीच्या गावी करायची नसते, मूळ घरात करायची असते. भाऊ मुंबईला असो की आखातात, चवथीला तो मूळ घरच्या गणपतीपुढे हजर. शेजारच्या सिंधुदुर्गातही तेच. म्हणजे मी चवथ विचारायची, पण मला जाणून घ्यायचं असायचं ते त्याचं घर. ज्याला स्वतःचं घर आहे, तो भाडेकरू एक दिवस आपणहून चावी देऊन जाईल. ज्याची चवथ माझ्याच खोलीत, तो जायचा कुठे? असा माझा साधा विचार होता, आणि तो मी वर्षानुवर्षं लोकांना शहाणपण म्हणून वाटला.

माझं नाव कुमुद. डिचोलीत समोर कुमुदबाय म्हणतात, पाठीमागे चाव्यांची बाय. गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या दोनेक वर्षांत आम्ही घरामागच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या. माझे यजमान खाणीवर ट्रकांच्या वजनकाट्यावर होते, त्यामुळे खोली हवी असलेली माणसं घरी चालत यायची. मग शेजारच्या एकाने मस्कतला जाताना आपल्या तीन खोल्या माझ्या गळ्यात घातल्या. त्याचं बघून दुसऱ्याने. एक वेळ अशी होती की स्वयंपाकघरातल्या फळीवर खिळ्यांना एक्केचाळीस चाव्या लटकत होत्या. यजमान म्हणायचे, आमच्या घरात देवांपेक्षा चाव्यांनी जास्त जागा अडवली आहे.

काम काय, तर भाडेकरू शोधायचा, करार करून द्यायचा, टाकी बघायची, गळती बघायची आणि तक्रारी ऐकायच्या. भाडेकरूच्या तक्रारी मालकाला अर्ध्याच सांगायच्या, मालकाच्या भाडेकरूला अर्ध्याच. उरलेलं पोटात ठेवायचं. खरं म्हणजे मला पैसे मिळायचे ते या पोटात ठेवण्याचे.

आता या अंकाचे संपादक म्हणतात, भाड्यासाठी खोल्या बांधणाऱ्या नव्या लोकांना काही उपयोगाचं सांगा. सांगते की. फुकट सल्ला द्यायला मला कधी कंटाळा आला नाही.

डिचोलीतल्या एका दुकानदाराने हौसेने आठ खोल्या बांधल्या, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. म्हणाला, रस्त्यावरच्या खोलीला मागणी जास्त. मागणी होतीच. महिन्याभरात आठही भरल्या आणि सहा महिन्यांत पाच रिकाम्या झाल्या. कारण तो रस्ता खनिजाच्या ट्रकांचा. दिवसभर तांबडी धूळ. जनेल उघडलं की भातावर धूळ, बंद केलं की आत उकडून जीव नकोसा. दोरीवर पांढरा शर्ट घातला तर तो संध्याकाळी विटकरी रंगाचा होऊन यायचा. खोली पुरुष बघतो आणि बाई सोडते, हे मी तेव्हा शिकले. पुढे मी घरातली बाई बघून गेल्याशिवाय व्यवहार पक्का करत नसे. ती भिंती बघत नाही. ती बघते कपडे कुठे वाळतील आणि मासे कुठे धुता येतील.

माशांवरून आठवलं. खोल्यांच्या मागे एक बाहेरचा नळ आणि एक दगड ठेवाच. तो नसला की बायका न्हाणीत मासे साफ करतात, खवले मोरीत जातात, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही प्लंबर शोधत फिरता. एका मालकाने यावर उपाय म्हणून मला सांगितलं, मासे खाणारा भाडेकरूच नको. डिचोलीत! मी चार महिने शोधून त्याला एक शुद्ध शाकाहारी बँकवाला आणून दिला. अर्ध्या वर्षाने बघते तर बँकवाला मालकाच्याच सोप्यावर बसून सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, हुमण ओरपतोय. मालकाच्या बायकोला त्याची दया आली होती.

चौकशी करायची तर पोलिसांचा फॉर्म भराच, तो भरायलाच हवा, पण त्याआधी पोदेराला विचारा. सकाळी सायकलवरून पाव विकणाऱ्या या माणसाला सगळं ठाऊक असतं. कोण उंडे पाव रोज घेतो, कोण उधार घेतो, कुणाच्या घरात आवाज चढतात, कुठे दोन माणसं सांगून सहा माणसं राहतात. पोदेराने नाक मुरडलं की मी ती खोली दुसऱ्याला दिलीय असं सांगायची.

आणि कागद. वीजमीटर आपल्या नावावर, घरपट्टी आपल्या नावावर, भाड्याची पावती दर महिन्याला, करार अकरा महिन्यांचा आणि वेळेवर नवा. करार असायचा इंग्रजीत. मी तो मराठीत वाचून दाखवायची आणि कोकणीत समजवायची. ओळखीचा आहे, घरचाच आहे म्हणून पावती टाळणारे मालक मी पुढे वकिलाच्या ओट्यावर बसलेले पाहिलेत.

या सगळ्याच्या मुळाशी एक भीती आहे. आमच्याकडे मुंडकार हा शब्द नुसता उच्चारला तरी खोलीमालकाच्या तोंडचं पाणी पळतं. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत त्याच्या संमतीने घर करून राहिलेला माणूस म्हणजे मुंडकार, आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे. गरिबांच्या दृष्टीने तो कायदा न्यायाचाच आहे. भाडं देणारा भाडेकरू मुंडकार होत नाही, असं मला वकिलाने शंभरदा सांगितलंय. पण मालकाच्या मनाला ते कधी पटत नाही. त्याला वाटतं, आज दारात तुळस लावली, उद्या गणपती बसवला, की परवा घर गेलं. माझा चवथीचा प्रश्न या भीतीतूनच आलेला. मला त्याचा मोठा अभिमान होता. आता त्याचीच गोष्ट सांगायची आहे, म्हणून एवढं पाल्हाळ लावलं.

पेडण्यातल्या कोरगावचे एक मास्तर होते. शाळेत मराठी शिकवायचे, आणि रागावले की कोकणीत यायचे. निवृत्तीचा सगळा पैसा घालून त्यांनी डिचोलीजवळ सर्वणला सहा खोल्यांची ओळ बांधली. कोरगावची काजूची बाग भावांत वाटली गेली होती, मुलगा नव्हता, तेव्हा म्हातारपणाला आधार म्हणून या खोल्या. मुंडकाराची धास्ती त्यांच्याइतकी मी कुणाच्यात बघितली नाही. त्यांच्या वडिलांनी एका कामगाराला काजूच्या बागेत झोपडी घालू दिली होती, भाडं म्हणून एक पैसा घेतला नव्हता. कायदा आला आणि ती जागा त्याची झाली. मास्तरांनी ते डोळ्यांदेखत घडताना पाहिलेलं. सहा चाव्या माझ्या हातात देताना त्यांनी एकच अट घातली. "कुमुदबाय, भाडं थोडं कमी आलं तरी चालेल. पण जाणारी माणसं आण."

मी आणली. सहाही खोल्यांत खाणीवरची आणि ट्रकांवरची माणसं, सगळी सिंधुदुर्गातली, सगळ्यांना गाव. चवथ आली की ओळीला सहा कुलपं लागायची, सहा चाव्या माझ्याकडे यायच्या. त्या दिवसांत ओळीत चिटपाखरू नसायचं, म्हणून मी रोज एक फेरी मारून कुलपं बघून यायची. मास्तरांना फोन करायची. "सगळी गावाक गेली, मास्तर." ते खूष.

तिसऱ्या नंबरच्या खोलीत म्हादेव होता. टिपर चालवायचा. बायको सुगंधा, दोन लहान मुली आणि त्याची आई. आईला सगळे आये म्हणायचे, मीही. ही माणसं खोली बघायला आली तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला. म्हादेवने आधी बायकोकडे पाहिलं, मग आईकडे, आणि म्हणाला, "गावाक. बांद्याच्या पलीकडे." त्याने थोडा वेळ घेतला हे मला आज आठवतं. तेव्हा मी पोदेराला विचारायला निघाले होते, माझं लक्ष नव्हतं.

असा भाडेकरू शोधून सापडायचा नाही. सुगंधा न्हाणी घासून लख्ख ठेवायची. आये दारात बसून कोणाचेही तांदूळ निवडून द्यायची. चवथीहून परतले की सुगंधा चावी न्यायला यायची आणि गावच्या नेवऱ्यांची पुरचुंडी माझ्या हातात ठेवायची. नेवऱ्या म्हणजे करंज्याच, पण आमच्याकडे गणपतीला त्यांच्याशिवाय चालत नाही. मी खाऊन म्हणायची, गावच्या नेवऱ्यांची चवच वेगळी. सुगंधा नुसती हसायची.

आठव्या वर्षीची चवथ. आमच्या घरचा गणपती दीड दिवसाचा, मास्तरांचा पाच दिवसांचा. तिसऱ्या दिवशी मी कोरगावला त्यांच्याकडे दर्शनाला निघाले. वाटेत बस बिघडली. दुसरी येईपर्यंत तासभर तरी लागणार होता, म्हणून मी जवळच्या देवळात गेले. देवळाला अग्रशाळा होती, बाहेरगावच्या भाविकांना उतरायच्या खोल्या. एरवी तिथे गडबड असते, चवथीला कोण येतो, सगळे आपापल्या घरी. पण एका खोलीसमोर दोरीवर लहान मुलींचे झगे वाळत होते. आणि बाहेरच्या बाकावर आये बसली होती, तांदूळ निवडत.

मला बघून तिने सूप बाजूला ठेवलं. आतून सुगंधा आली आणि दारातच थांबली. म्हादेव पाणी आणायला विहिरीवर गेला होता.

मला आधी वाटलं, गावी जाताना वाटेत उतरले असतील. तसं मी म्हटलंही. सुगंधा मान खाली घालून उभी. बोलली ती आये.

"गाव आसा गो बाय," ती म्हणाली. "घर नाय."

म्हादेवचे वडील दुसऱ्याच्या जमिनीत राबायचे. ते खाणीच्या कामाला गोव्यात आले तेव्हाच गावची झोपडी गेली. मग खाणीच्या चाळीत राहिले. वडील वारले आणि चाळही सुटली. माझ्याकडे येण्याआधी म्हादेवने दोन खोल्या बघितल्या होत्या.

"दोन ठिकाणी खरा सांगलेला," सुगंधा म्हणाली. "खोली मेळूक नाय. तुमी पण तोच इचारलास."

दरवर्षी चवथीला ही माणसं खोलीला कुलूप लावून, चावी माझ्या हातात देऊन, या अग्रशाळेत येऊन राहत होती. पाच दिवस. मी रोज कुलपं बघायला जाते हे त्यांना माहीत होतं, म्हणून खोलीत लपून राहायचीही सोय नव्हती. मी आत डोकावले. कोपऱ्यात पाटावर नागवेलीचं पान, पानावर सुपारी, सुपारीला दूर्वा आणि लाल फूल. तोच त्यांचा गणपती, आठ वर्षं.

"आणि नेवऱ्या?" मी विचारलं. एवढ्या सगळ्यात मला नेवऱ्या का आठवाव्यात, कोण जाणे.

"त्यो खोलीतच करी मी," सुगंधा म्हणाली. "जावच्या आदल्या दिसा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयेने माझा हात धरून मला बाकावर बसवलं. ती रागावलेली नव्हती, तेच मला सोसेना. "सुपारी काय नि मूर्ती काय, देव येताच," ती म्हणाली. "पण एकदा तरी आपल्या दारातसून मूर्ती भितर येवची असा वाटता. माज्या हातान माटोळी बांदूची."

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचे घोस, तवशी आणि रानातली फळं-पानं बांधतात. माटोळीशिवाय आमची चवथ होत नाही. आये माहेरी असताना माटोळी बांधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, असं सुगंधा म्हणाली. आयेला ऐंशी तरी झाली असतील तेव्हा.

मी त्यांना म्हटलं, मी मास्तरांशी बोलते. आणि दुसरी बस पकडून कोरगावला गेले.

मास्तरांकडे पाहुणे बसले होते. मी आत गेल्यावर मास्तरांनी मला बसायला कदेल दिली आणि सगळ्यांना सांगितलं, "ही आमची कुमुदबाय. हिच्यासारखी माणसं ओळखणारी बाई गोव्यात नाही. आठ वर्षं सहा खोल्या, एक भानगड नाही." पाहुण्यांनी माना डोलावल्या. एकाने तिथल्या तिथे आपल्या दोन खोल्यांबद्दल विचारलं. मी नेवरी खाल्ली, चहा घेतला, दोन खोल्यांचं काम घेतलं आणि परत आले. आयेचं नाव काढलं नाही.

नंतर सांगू, दिवाळी होऊ दे, करार नवा करताना सांगू, असं करत वर्ष गेलं. कामाची गडबड होती, मास्तरांची तब्येत नरम होती, अशी कारणं मी स्वतःला देत होते. खरं कारण एकच. माझा प्रश्न फसला हे मला कोणासमोर कबूल करायचं नव्हतं.

नववी चवथ आली. आदल्या दिवशी बसला जाता जाता सुगंधा चावी द्यायला आली. आता तिला माहीत की मला माहीत आहे. मी चावी घेऊन खिळ्याला लावली. मग मी जनेलातून पाहिलं. त्या वर्षात आयेचे पाय गेले होते. म्हादेवने तिला पाठीवर घेतलं होतं आणि बसस्टॉपकडे चालला होता, मागून सुगंधा आणि मुली पिशव्या घेऊन. नसलेल्या गावाला चालली होती ती माणसं, माझ्यामुळे.

मास्तरांच्या गणपतीचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कोरगावला गेले आणि सगळं सांगितलं. माझा प्रश्न, सुपारी, नेवऱ्या, वर्षभर मी गप्प राहिले तेही. आणि म्हटलं, पुढच्या चवथीला तिसऱ्या खोलीत गणपती आणायला परवानगी द्या.

मास्तर ताडकन उठले. "तुजी मती थाऱ्यार आसा मगो?" कोकणीत आले, म्हणजे राग चढला होता. "गणपती बसलो म्हणजे घर बसलें. मागीर तुळस येतली. मागीर तो उठतलो?" मग मराठीत आले. "नऊ वर्षं खोटं बोलला तो. करार संपला की खोली मोकळी करून घे."

"खोटं बोलायला त्याला मी लावलं," मी म्हटलं. "खरं बोलला असता तर मी त्याला दारातून परत पाठवला असता. मीटर तुमच्या नावावर, घरपट्टी तुमच्या नावावर, नऊ वर्षांच्या पावत्या माझ्या पत्र्याच्या डब्यात. गणपती येऊन मीटर बदलून घेणार आहे का मास्तर?"

मी पर्समधून सहा चाव्या काढून मेजावर ठेवल्या. त्या मी ठरवूनच नेल्या होत्या. "त्याला काढायचं तर तुम्ही काढा. मला ते जमणार नाही."

मास्तरांनी चाव्यांकडे पाहत विचारलं, "ती म्हातारी चालत नाही म्हणालीस ना?" मग म्हणाले, "बघतो." चाव्या त्यांनी उचलल्या नाहीत. निघताना मीच त्या परत पर्समध्ये टाकल्या.

मास्तरांचं बघतो म्हणजे खरोखर बघणं. म्हापशाला जाऊन वकिलाला विचारलं, तो हसला म्हणून दुसऱ्या वकिलाला विचारलं. करार संपला, तो तसाच नवा केला, पण गणपतीबद्दल हो नाही की ना नाही. मी भाडं घ्यायला गेले की आये पडल्या जागेवरून विचारायची, "मास्तर काय म्हणतत?" मी सांगायची, विचार करताहेत. ती म्हणायची, करूं दे बापडो, पैसो तेचो अडाकलो. तिला मास्तरांची बाजू माझ्यापेक्षा जास्त कळत होती.

शेवटी आषाढात मास्तरांनी एक कागद पाठवला. करारात जोडायचं वाक्य होतं, त्यांच्या शाळेतल्या अक्षरात, शुद्ध मराठीत. भाडेकरूने खोलीत श्रीगणपतीचे पूजन केल्याने त्यास जागेवर कोणताही हक्क प्राप्त होणार नाही. म्हादेवने ते दोनदा वाचलं आणि सही केली. मला म्हणाला, "हक्क कोणाक होयो बाय?"

श्रावणात एक दिवस मास्तर स्वतः सर्वणला आले, काठी टेकत, सोबत गवंडी. म्हणाले, हे लोक माटोळी टांगायला स्लॅबला भोकं पाडतील आणि मला गळती लावतील, त्यापेक्षा मीच नीट कड्या बसवतो. गवंड्याला उभं राहून चार लोखंडी कड्या बसवायला लावल्या, अंतर स्वतः मोजलं. आये खाली खाटेवर पडून वर बघत होती. "डावी बाजू वाईच भायर घेवा," ती म्हणाली, "नारळांचा वजन थय येता." मास्तरांनी गवंड्याला तसं करायला सांगितलं. जाताना त्यांनी मला बाहेर बोलावून विचारलं, मूर्ती कुठून आणणार आहेत ते.

मूर्ती सांगून झाली होती. मुली दिवस मोजत होत्या. आयेने खाटेवरूनच सुगंधाला माटोळीची यादी सांगून पाठ करून घेतली होती.

चवथीला आठ दिवस राहिले असताना आये वारली.

सुतकात गणपती आणत नाहीत. मूर्तिकाराकडे मूर्ती तशीच राहिली. चवथीच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे कुलपं बघायला सर्वणला गेले. पाच दारांना कुलूप होतं. तिसरं दार उघडं होतं. दहा वर्षांत पहिल्यांदा चवथीला ते दार उघडं होतं. आत म्हादेव भिंतीला टेकून बसला होता. चारही कड्या रिकाम्या होत्या. सुगंधाने मला पाणी दिलं. मला तिथे बसवेना, आणि उठवेनाही.

आयेच्या आठ चवथी मी अजाणता घालवल्या. त्यासाठी मी स्वतःला कधीतरी माफ करीन. नववी मी जाणूनबुजून घालवली. मास्तरांकडे पाहुण्यांसमोर ती नेवरी खाण्याऐवजी तोंड उघडलं असतं, तर पुढच्या चवथीला तिने आपल्या हाताने माटोळी बांधली असती. त्या वर्षी तिचे हात चांगले चालत होते.

पुढच्या वर्षी गणपती आला. माटोळी सुगंधाने बांधली, आयेच्या यादीप्रमाणे, जड नारळ डावीकडे. मास्तर आले होते. नमस्कार करून ते खाली बसले आणि सुगंधाने दिलेली नेवरी खाऊन म्हणाले, चव चांगली आहे.

आणि आता खोल्यांत पैसा घालणाऱ्यांनी नीट ऐका. त्यानंतर थोड्याच काळात खाणी बंद झाल्या. ट्रक दारात उभे राहिले, डिचोलीत दिवसा आवाज नाही अशी अवस्था. तीन महिन्यांत मास्तरांच्या ओळीतले पाच भाडेकरू चाव्या देऊन गावाला गेले. बरोबरच आहे, त्यांना गाव होतं. जाणारी माणसं आण असं मास्तर म्हणाले होते, आणि मी निवडून निवडून जाणारीच आणली होती. राहिला एकटा म्हादेव. टिपर गेला तर त्याने चिऱ्यांच्या गाडीवर काम धरलं. मास्तरांनी भाडं उतरवलं, आणि ते उतरवलेलं भाडं तो महिन्याच्या महिन्याला देत राहिला. मास्तरांच्या औषधाचा खर्च त्या एका खोलीवर चालला. शेवटच्या दिवसांत मास्तर मला म्हणाले, "कुमुदबाय, सहातला एकच भाडेकरू तू चुकून चांगला आणलास."

मी काम सोडून आता काही वर्षं झाली. फळीवर आमच्याच दोन चाव्या आहेत. मागच्या महिन्यात पेडण्याचं एक तरुण जोडपं आलं होतं. विमानतळ झाल्यापासून तिकडे भाड्याला मागणी आहे, त्यांना चार खोल्या बांधायच्यात. नकाशा घेऊन आले होते. मी धुळीचं सांगितलं, माशांच्या नळाचं सांगितलं, पावत्यांचं सांगितलं, सगळेच भाडेकरू एका धंद्यातले घेऊ नका म्हणून सांगितलं. मुलगी हुशार होती, सगळं वहीत लिहून घेत होती. शेवटी म्हटलं, स्लॅब घालताना प्रत्येक खोलीत चार कड्या सोडा, चौकोनात.

"पंख्याला एक पुरे ना?" ती म्हणाली. "चार कशाला?"

"म्हणजे खोली बघायला येणाऱ्याला," मी म्हटलं, "चवथ खंय करतात ते विचारावं लागणार नाही."